रांगेतली नर्तकी

पॅरिसचे ऑपेरागृह, पाले गार्निए, १८७५ साली उघडले. संगमरवरी जिना, सोनेरी नक्षी, सुमारे २,००० आसने. २००४ साली त्या विशाल रंगमंचावर एक स्त्री एकटीच आली. अंगात तालमीचे साधे कपडे, हातात नृत्याचा झगा आणि पाण्याची बाटली. नृत्यास आरंभ करण्याऐवजी ती प्रेक्षकांशी बोलू लागली.

नाव व्हेरोनिक द्वानो. विवाहित, ६ आणि १२ वर्षांची दोन मुले. वय ४२, आणि ८ दिवसांनी निवृत्ती. कारण त्या संस्थेत नर्तकांना ४२ व्या वर्षीच रंगमंच सोडावा लागतो. विसाव्या वर्षी पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेली. पगार महिना सुमारे ३,६०० युरो. चारचौघांत पगार सांगणे आपल्याकडे प्रशस्त मानीत नाहीत. त्या झुंबराखाली तर तो आकडा अधिकच उघडा वाटला असेल.

तेथील नर्तकांच्या पाच पायऱ्या असतात. सर्वांत वरची पायरी ‘एत्वाल’, म्हणजे तारका. द्वानो तिसऱ्या पायरीवर राहिली. तारका होण्याचा प्रश्न कधी आलाच नाही. तेवढी प्रतिभा नव्हती, शरीरही नाजूक होते, हे ती कुरकुर न करता सांगते. मात्र ‘जिझेल’ची भूमिका करावी, ही इच्छा राहून गेली होती. १८४१ साली याच संस्थेत प्रथम झालेले ते बॅले. त्याचा एक अंश ती वाद्यवृंदाविना, स्वतःच गुणगुणत नाचते. हळूहळू सूर तुटतो, धाप ऐकू येते. एरवी वाद्यांच्या घोषात हीच धाप बुडालेली असते; नर्तकी वाऱ्याची बनलेली आहे, असा आपला समज त्यामुळेच होतो.

या प्रयोगाचा कर्ता जेरोम बेल. द्वानोशी बोलून त्याने तिच्याच आयुष्यातून ही संहिता सिद्ध केली. येथे एक शंका मनात आल्यावाचून राहत नाही. पाठ केलेले आत्मकथन, तालीम केलेले मौन, ही सुद्धा भूमिकाच नव्हे काय? आहेच. परंतु राजकन्येच्या वा हंसीच्या वेषात जे कधी कोणी विचारले नव्हते, ते या भूमिकेने विचारले. माणसाला स्वतःचे नाव उच्चारण्यासाठीही कधीकधी रंगमंच लागतो.

प्रयोगाचा गाभा मात्र ‘हंस-सरोवरा’तील प्रवेशात आहे. ३२ नर्तकी एकत्र नाचतात, ते दृश्य प्रेक्षकांना अतिशय मोहक वाटते. पण तारका नाचत असताना बाकीच्या बराच वेळ निश्चल उभ्या असतात. जिवंत नेपथ्यच म्हणा ना! त्या वेळी ओरडावे, निघून जावे असे वाटते, असे द्वानो सांगते. मग ती चायकोव्हस्कीचे संगीत लावावयास सांगते आणि फक्त आपल्या वाट्याचे नाचून दाखविते. बाकीच्या ३१ जणी नाहीत, तारका नाही. संगीत भरून येते, आणि मोकळ्या रंगमंचाच्या एका बाजूला ती हात जुळवून, मान कलती करून उभी राहते. पुष्कळ वेळ काहीच घडत नाही. मग दोन पावले, हातांची नवी ठेवण, आणि पुन्हा ते उभे राहणे.

२००५ साली या प्रयोगाचा चित्रपट झाला. त्यातही ती तशीच उभी आहे.