इंजिनातील पाणी : खारे की गोडे?

(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई येथील आपल्या पूर्वजांची होडी शिडावर चाले. स्वातंत्र्योत्तर काळात सरकारी कर्ज व अनुदान यांच्या साहाय्याने ती यंत्रावर चालू लागली. शिडाचे दुखणे डोळ्यांना दिसे. इंजिनाचे दुखणे पोटात असते. त्यांतले फार फसवे दुखणे म्हणजे आत शिरलेले पाणी. त्याची परीक्षा कशी करावी, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

लक्षणे तीन. डिपस्टिकवरचे तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसते. तेल न ओतता त्याची पातळी चढते. इंजिन चांगले तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. पातळी चढली, पण तेल पातळ होऊन त्यास डिझेलचा वास येत असेल, तर मात्र दोष इंधनाच्या बाजूस शोधावा.

शंका येताच सेल्फ मारू नये. डिझेल इंजिनात हवा दाबली जाते, म्हणून ती तापून इंधन पेटते. पाणी तसे दाबले जात नाही. पिस्टनवर पाणी असता जोराने फिरविल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. यास्तव सर्व नोझल काढून, तोंड दूर ठेवून, इंजिन हाताने फिरवावे. पाणी कोणत्या सिलिंडरातून उडते, हे पाहावे. शेजारच्या दोहोंतूनच आले, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केटवर प्रथम संशय घ्यावा.

आता मुख्य प्रश्न : पाणी खारे की गोडे? इंजिन रात्रभर स्थिर राहिल्यावर चेंबरचा नट किंचित सैल करावा. तेलाहून जड असल्याने सुटे पाणी प्रथम बाहेर येते. त्यातले चमचाभर स्वच्छ पाणी स्टीलच्या ताटलीत आटवावे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ताटलीवर मिठाचा जाड थर उरला, तर पाणी समुद्राचे. चाखून मात्र पाहू नये. कूलंट विषारी असते.

पाणी गोडे निघाले, तर ते इंजिनाच्या स्वतःच्या थंडाव्याचे होय. मग गॅस्केट, हेडमधील चीर अथवा लायनरची रबरी कडी तपासावी. खारे निघाले, तर वाट बाहेरची : धुराची नळी, समुद्राच्या पाण्याच्या पंपाचे सील किंवा गंजलेला ऑईल कूलर. खाडीच्या चिखलात ओहोटीला कललेल्या बोटीची खाली आलेली नळी भरतीचे पाणी सहज आत घेते. ज्या इंजिनात समुद्राचेच पाणी खेळविलेले असते, तेथे ही परीक्षा निर्णायक नाही. तेथे दाब देऊन गळती शोधावी लागते.

हा भेद न पाहता इंजिन क्रँकपर्यंत खोलले, तर हजारो रुपये आणि ऐन हंगामाचे दिवस खर्ची पडतात. दोष नळीतच असेल, तर पुढल्या भरतीला पाणी पुन्हा आत येते. त्या दिवसांवर नाखव्याचे कर्ज, तांडेल-खलाशांचा वाटा आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या भगिनींची चूल अवलंबून असते.

वाट बुजविल्यावर तेल व फिल्टर त्याच दिवशी बदलावे, इंजिन थोडा वेळ चालवावे आणि तेल स्वच्छ राहीपर्यंत पुनःपुन्हा बदलावे. खाऱ्या पाण्याला एक रात्र दिली, तरी ते बेअरिंग खाऊ लागते. धुराच्या नळीस जलरेषेच्या वर उंच बाक द्यावा. बोट नांगरल्यावर नळीस बूच लावणारांनी इंजिनाची चावी त्या बुचालाच बांधावी, म्हणजे बूच काढल्यावाचून इंजिन सुरू होणार नाही.

आमची तरुणांस एकच विनंती. बोटीवर एक वही ठेवा; निघण्यापूर्वी रोज तेलाची पातळी व रंग तीत लिहा. अंगावर आलेली लाट सर्वांना दिसते. नळीतून आत शिरलेले पाणी प्रथम त्या वहीत दिसेल.