पुड्याची मागची बाजू
(धरमपेठ, नागपूर येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीला येण्याआधी इथल्याच, धरमपेठेतल्या एका दुकानात जाऊन मी चार पुडे घेऊन आलो. एक ज्वारीच्या बिस्किटांचा, एक दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांचा, एक चिवड्याचा आणि एक बटाट्याच्या वेफर्सचा. शहरातल्या माणसाने काय खावे याची काळजी करायला मी उभा राहिलेलो नाही. तो पाहून घेईल. पण हेच पुडे आता आपल्या गावच्या टपरीवर माळा करून टांगलेले असतात, आणि पोरगं शाळेतून येताना पाच रुपये तिथेच टाकून येतं. त्यात आपल्याच शेतातला माल असतो. तेव्हा पुडा वाचता आला पाहिजे.

आधी ज्वारीची बिस्किटे घेऊ. समोर भरदार कणसाचे चित्र आहे. आता पुडा उलटा करा. ज्या घटकाचे वजन जास्त तो आधी, कमी तो नंतर, अशी यादी छापण्याचा कायदा आहे. या पुड्यावर पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि चौथ्या जागेवर ज्वारी. एखाद्या घटकाच्या नावाने माल खपवायचा तर तो शेकडा किती आहे तेही छापावे लागते. इथे तो आकडा दोन अंकीसुद्धा नाही. कणीस आपले आणि पुडा मैद्याचा!

यात नुसती लबाडी आहे असे म्हणून टाळ्या घेता येतील, पण ते खरे नाही. गव्हाच्या पिठात जो चिवटपणा असतो तो ज्वारीत नाही. भाकरी थापताना उकळते पाणी का घालावे लागते हे मायबहिणींना सांगायला नको. दुसरी अडचण मोठी आहे. ज्वारीच्या दाण्यात शेकडा तीनच्या आसपास तेल असते, त्यातले बरेचसे कोंबात. दाणा आहे तोवर ते सुखरूप. जात्यात गेला की ते तेल मोकळे होते आणि काही आठवड्यांत पीठ कडवट होते. मैद्याचा तर कोंब आणि कोंडा आधीच काढलेला असतो. कोंडा ढोरांना जातो आणि उरलेला पांढरा भाग महिनोन्‌महिने टिकतो. पुडेवाला टिकाऊपणा विकतो, आणि जे टिकत नाही ते काढून टाकतो किंवा चिमूटभर ठेवतो.

आता सरकीकडे येऊ. क्विंटलभर कापूस जिनात गेला की रुई तेहतीस-पस्तीस किलो निघते आणि साठ किलोच्या वर सरकी. भाव ठरताना रुईचीच चर्चा होते, सरकी कुठे जाते हे कोणी विचारत नाही. ढेप आपल्या गोठ्यात परत येते, तेही विकत! तेल जाते पुड्यात. हा चिवड्याचा पुडा पाहा, तेलाच्या जागी सरकीचे तेल किंवा पामोलिन असे छापले आहे. गुजरातेत कपासिया तेलात फरसाण तळतात ते हेच.

कच्चे सरकीचे तेल खाण्यालायक नसते. त्यात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. किडीपासून झाडाचे रक्षण करते, पण माणसाला चालत नाही. ते क्षाराने धुऊन काढावे लागते. म्हणजे कारखान्यातली प्रक्रिया दरवेळी वाईटच, असे नाही. अमेरिकेत १९११ साली याच सरकीच्या तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते तुपासारखे घट्ट केले आणि क्रिस्को या नावाने विकले. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला. इथून जवळच अमरावती रस्त्यावर कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने निघालेली संस्था आहे. तेलाचे हे शास्त्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले आहेत. घट्ट केलेल्या तुपातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक असते हे मात्र फार उशिरा कळले. शेकडा दोनहून जास्त नको, हा नियम आपल्या देशात लागू व्हायला २०२२ साल उजाडले. मग वनस्पतीची जागा कोणी घेतली? फल्ली तेलाने नाही, जवसाने नाही. इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाने. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आज बाहेरून येते.

यादीच्या शेवटी आकडे असतात. ते पाहून माणूस दचकतो. ५०० म्हणजे खाण्याचा सोडा आणि त्याचे भाईबंद. ५०१ हा पापडखाराच्याच जातीचा क्षार, शेवयांना चिवटपणा यावा म्हणून घालतात. ३३० म्हणजे लिंबूसत, पण लिंबातून काढलेले नव्हे, साखरेवर बुरशी वाढवून केलेले. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक सोयाबीनच्या तेलातून निघणारा चिकट गाळ. सोयाबीन आपण मातीमोल विकतो आणि त्याचा गाळ इथे आकडा लावून बसतो. ४१२ म्हणजे गवारीचा डिंक. ३१९ मात्र स्वयंपाकघरातला नाही. तेल खवट होऊ नये म्हणून घालायचे ते रसायन, आणि त्याला कायद्याने मर्यादा आहे.

६२१ ची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. ५ जून २०१५ ला देशाच्या अन्न प्राधिकरणाने मॅगी बाजारातून परत घ्यायला लावली. आक्षेपांपैकी दोन असे होते: शिसे, आणि एमएसजी घातलेले नाही असे पुड्यावर लिहिणे. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि नव्याने तपासणी सांगितली. टोमॅटोतसुद्धा तेच ग्लुटामेट निसर्गतः असते. वाद ते असण्याचा कमी आणि छापील शब्दांचा जास्त होता.

आकड्यांना भिऊन मिठाकडे दुर्लक्ष करू नका. पुड्यावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहितात. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. दिवसभरात माणसाला पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र हिशेब करताना तो आकडा शंभर ग्रॅमचा आहे की पुड्याचा, हे आधी पाहा. ज्याच्या घरी रक्तदाबाचा माणूस आहे त्याने हा गुणाकार पाठच करावा.

आत्ता एका भावाने चिठ्ठी दिली: मग आपणच ज्वारीचे पीठ पुड्यात भरून धरमपेठेत का विकू नये? विकावे. पण पीठ साठवू नये, मागणी येईल तसे दळावे. भाजून दळले तर कडवटपणा लांबतो, पण त्याची भाकरी थापता येत नाही. लाह्यांचे तसे नाही. दाणा फुटताना लागणाऱ्या उष्णतेने पीठ बिघडवणारे द्रव्यच निकामी होते, फक्त दमट हवा लागू द्यायची नाही. आपल्या बायांना हे कारखान्याच्या आधीपासून येते.

चारही पुडे इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना पाहायचे त्यांनी चष्मा घेऊन या, अक्षर फार बारीक आहे.