दफ्तराची शिस्त



वसंत व्याख्यानमालेत दफ्तराच्या गठ्ठ्यांवर व्याख्यान कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण मानोरा तालुक्यातील तांड्यावरच्या एखाद्या बंजारा मुलाला हा विषय रुक्ष वाटणार नाही. जातीच्या दाखल्यासाठी त्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. हा पुरावा पुष्कळदा आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरच्या एका ओळीत दडलेला असतो. ती ओळ सापडते की नाही, यावर त्याचे शिक्षण अवलंबून राहते.

कागद हरवतो तो बहुधा त्याची जागा ठरलेली नसते म्हणून. अमुक गठ्ठा कोणत्या फडताळात आहे, हे एका जुन्या कारकुनालाच ठाऊक असते. तो निवृत्त झाला की सारे दफ्तर मुके होते. तेव्हा ज्याने कागद ठेवला तो जवळ नसतानाही दुसऱ्याला तो सापडावा, एवढीच व्यवस्थेची साधी व्याख्या मी करीन. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा दुभंगला की कागदांचीही वाटणी होते. अशा वेळी याद्या चोख नसतील, तर हेलपाटे कोणाच्या वाट्याला येतात हे सांगायला नको.

ही दृष्टी आपल्या गावाला नवी नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली येथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट पाहा. दाता कोण, दान कोणास, सवलती कोणत्या, राज्याचे वर्ष कितवे, हे सारे त्यात नोंदलेले आहे. ते वर्ष सदतिसावे. लिहिणारा गेला, राज्यही गेले. तरी सोळा शतकांनंतर आपण तो व्यवहार समजू शकतो.

आपल्या काळातील उदाहरण अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी तेथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची घडी नव्याने बसविली, आणि ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रात रूढ झाला. आपल्या सरकारी कचेऱ्यांतील सहा गठ्ठा पद्धतीचे मर्मही तेच आहे. हातातली प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात धाडायची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद, असे हे सहा गठ्ठे. यांतला सहावा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपायचा, ‘ड’ वर्गाचा वर्षभराने काढून टाकायचा. निरुपयोगी कागद वेळेवर गेले नाहीत, तर मोलाचे कागद त्यांच्याखाली गुदमरतात.

मात्र एक भय आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी गठ्ठ्यांना नवे रुमाल बांधले, चिठ्ठ्या चिकटविल्या, म्हणजे पद्धत पाळली असे होत नाही. तिची कसोटी सोपी आहे. त्या टेबलावर कधीही न बसलेल्या माणसाला एक कागद शोधायला सांगावे, आणि घड्याळ पाहावे. ही कसोटी शाळेला लागू आहे, सहकारी सोसायटीला आहे, आपल्या वाचनालयालाही आहे. लांबच्या गावाहून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस दाराशी उभा असतो. त्याचा तो दिवस वाचविणे, हेच या साऱ्या शिस्तीचे प्रयोजन होय.