कामाच्या जागेची हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. रसायनशास्त्र मला येत नाही. पण केर कसा काढावा हे कळते, आणि आजचा विषय केराच्याच जातीचा आहे.

आपल्या वस्तीतील काही लेकीसुना जुने संगणक व टीव्ही सोडविण्याच्या कामाला जातात. या यंत्रांनी चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये पुष्कळ वर्षे ब्रोमीनची अग्निरोधक द्रव्ये घालीत असत. हेतू चांगला होता. परंतु त्यांतील बरीच द्रव्ये प्लॅस्टिकशी एकजीव होत नाहीत. चिवड्याचे मीठ डब्याच्या तळाशी उतरावे, तशी ती सुटत राहतात. यंत्र फोडले की धुळीबरोबर हवेत येतात. श्वासावाटे आणि न धुतलेल्या हातांवाटे शरीरात जाऊन चरबीत साठतात. आईच्या दुधातही उतरतात. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या कामात त्यांनी बिघाड होऊ शकतो व पोटातील बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका संभवतो, असे तज्ज्ञ सांगतात.

स्वीडन देशात याची तपासणी झाली व ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. यंत्रे सोडविणारे कामगार, दिवसभर संगणकापुढे बसणारे कारकून आणि इस्पितळातील सफाई कामगार यांचे रक्त तपासले. यंत्रे सोडविणाऱ्यांच्या रक्तात ही द्रव्ये कितीतरी जास्त निघाली. पुढे त्या कारखान्यात कामाच्या जागेची व्यवस्था सुधारली. माल दुपटीने वाढला, तरी कामगारांच्या रक्तातील काही मुख्य द्रव्ये कमी झाली! भगिनींनो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यांतील काही द्रव्यांवर २००९ साली आणि आणखी एकावर २०१७ साली स्टॉकहोम करारान्वये जगभर बंदी ठरली. पण बंदीपूर्वीची यंत्रे आज भंगारात येत आहेत, आणि ती आपल्याच मुलींच्या हाती पडतात.

‘काम सोड’ असे सांगणे सोपे आहे. पण तिच्या मजुरीवर घरची चूल पेटते. म्हणून सांगावयाचे ते मालकाला. धूळ जेथे उडते तेथूनच ती बाहेर खेचणारा पंखा बसवा. कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. साधा रुमाल बारीक धूळ अडवीत नाही. योग्य मुखपट्टी द्या. हात धुवायला साबण आणि जेवायला वेगळी जागा द्या. गरोदर बाईला दुसरे काम द्या, तिची मजुरी कापू नका. मुलींनीही कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि तान्ह्याला हात धुऊनच घ्यावे.

एकटी मुलगी हे बोलली तर उद्या तिला कामावरून काढतील. आपण दहा-बाराजणी तिच्याबरोबर गेलो तर ऐकावे लागेल. हळदीकुंकवाला आपण एकत्र जातोच. या कामालाही जाऊ या.

एवढे बोलून मी आपली रजा घेते.