समपथिक
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण, सुभाष रोड, धारवाड)



महोत्सवात देणगीदारांचे गुण गावेत असा रिवाज आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम केले. आम्ही पुण्याच्या एका गृहस्थांविषयी बोलणार आहोत. पण आधी एक कबुली देणे प्राप्त आहे.

आपल्या वधूवर सूचक वहीचे काम बारा वर्षे आमच्याकडे होते. एके दिवशी सुभाष रोडवरील आमच्या दुकानाच्या माडीवर एक तरुण आला. "काका, माझे नाव वहीतून काढा. मला मुलींची ओढ वाटत नाही," एवढेच म्हणाला. आम्ही हसून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि "लग्न झाले की सारे सुरळीत होते" असे सांगून त्याची बोळवण केली. लग्न झाले. वर्षाच्या आत मुलगी माहेरी परतली. तिच्या वडिलांनी आम्हांस एकच विचारले, "तुम्हांला ठाऊक होते काय?" ठाऊक होते.

त्यानंतर बिंदुमाधव खिरे यांचे लेखन आम्ही वाचले. खिरे हे संगणक क्षेत्रातले. अमेरिकेत नोकरी केलेले. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी उघडपणे सांगितले आणि २००२ साली पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' स्थापिला. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढून वाट पाडली होती. पण खिरे यांनी घरोघरच्या आईबापांना कळेल अशा मराठीत लिहिले, हे त्यांचे मोठे काम. या विषयाला आपल्याकडे शिवीखेरीज शब्द कोठे होता? त्यांचे 'इंद्रधनु' वाचावे, 'पार्टनर' ही कादंबरी वाचावी. (दुकानदाराने प्रथम आमच्या हाती व. पु. काळ्यांची 'पार्टनर' ठेवली. तीही आम्ही वाचली!) र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून अशा प्रश्नांना उत्तरे दिली, तेव्हा १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला आणि डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. ती परंपरा आपलीच आहे.

१८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सैल केले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा आवळले आणि २०१८ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरविले. मधल्या काळात, २०११ च्या डिसेंबरात, खिरे यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली. पेहराव साधा असावा असा त्यांचा आग्रह. चळवळीतल्या कित्येकांना तो रुचला नाही. आम्हांस स्वतःला तो पुणेरी वाटतो.

काही बालकांचे शरीर जन्मतःच मुलाचे वा मुलीचे असे ठामपणे सांगता येत नाही. त्यांच्या हक्कांसाठीही खिरे बोलत आले आहेत. अशा तान्ह्यांवर घाईने शस्त्रक्रिया करू नये, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि तामिळनाडू सरकारने जिवावरचा प्रसंग वगळता त्या शस्त्रक्रियांना मनाई केली. आपल्या कर्नाटकात असे घडावे म्हणून आपण काय केले?

सौंदत्तीच्या यल्लम्माला आपण जातो, जोगतिणीच्या हातचा भंडारा कपाळी लावतो. त्याच परंपरेतल्या मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. दुसऱ्याच्या लेकरापाशी आपण नमतो. घरचे लेकरू तेच सांगू लागले, की मात्र वही उघडतो.

वहीविषयी आमची विनंती विश्वस्तांकडे लेखी दिली आहे : मुलामुलीशी एकान्तात बोलल्यावाचून, केवळ वडिलांच्या सहीवर, नाव नोंदवू नये. खिरे यांची पुस्तके वाचनालयास दिली आहेत. ती दाराजवळच्या कपाटात ठेवली आहेत, आणि त्या कपाटास कुलूप लावू नये असे ग्रंथपालांना सांगितले आहे.