वैमानिकाने कुणाचं ऐकायचं? आकाशातल्या नियमांचं डॉक्युमेंटेशन

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल: एअर ट्रॅफिक कंट्रोलचे नियम कोण लिहितं आणि कुठे लिहितं? पण पाच-सात मिनिटं थांबा. एका वाक्यावर माणसांचे जीव कसे अवलंबून असतात, ते आज बघू.

आधी यंत्रणा समजून घेऊ. 7 डिसेंबर 1944 ला शिकागोत एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातून आयकाओ ही संस्था उभी राहिली. मुख्यालय माँट्रियलला, सदस्य देश 193, भारतही त्यात आहे. या कराराला 19 परिशिष्टं आहेत, त्यांना ॲनेक्स म्हणतात. त्यातलं ॲनेक्स 11 हवाई वाहतूक सेवांचं. आणि कंट्रोलरने रोजचं काम कसं करायचं, दोन विमानांत किती अंतर ठेवायचं, रेडिओवर नेमकं काय बोलायचं, हे सगळं डॉक 4444 मध्ये.

आपल्यासारख्या कोडिंगवाल्यांना यातली एक गोष्ट लगेच पटेल. ॲनेक्समध्ये दोन प्रकारची वाक्यं असतात. एक 'स्टँडर्ड', म्हणजे हे केलंच पाहिजे. दुसरं 'रेकमेंडेड प्रॅक्टिस', म्हणजे केलं तर उत्तम. इंग्रजीत फरक फक्त 'शॅल' आणि 'शुड' एवढाच. पण त्या एका शब्दाने सगळं बदलतं.

आता गोष्ट. 1996 मध्ये हरियाणात चरखी दादरीला दोन विमानांची हवेत टक्कर झाली, 349 लोक गेले. त्यानंतर भारताने विमानांमध्ये टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं केलं. त्याचं नाव टीकॅस. समोर विमान आलं की दोन्ही विमानांतली यंत्रं आपसांत ठरवतात आणि वैमानिकांना सांगतात: तू वर जा, तू खाली ये. मस्त!

पण समजा, टीकॅस म्हणालं वर जा आणि त्याच वेळी कंट्रोलर म्हणाला खाली या. मग?

31 जानेवारी 2001, जपान. नेमकं हेच झालं. एका विमानाच्या वैमानिकाने कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्याने टीकॅसचं. दोन्ही खाली निघाली. शेवटच्या क्षणी समोरचं विमान चुकवलं गेलं आणि टक्कर टळली. दोन्ही विमानांत मिळून 677 लोक होते. जवळपास 100 जण जखमी झाले, पण सगळे वाचले.

1 जुलै 2002, जर्मनीतलं युबरलिंगेन. तिथलं आकाश झुरिकचा कंट्रोल सांभाळत होता आणि त्या वेळी प्रत्यक्ष काम एकच कंट्रोलर करत होता. एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान, दोन्ही 36,000 फुटांवर. कंट्रोलरने रशियन विमानाला खाली यायला सांगितलं. टीकॅस त्याच विमानाला वर जा म्हणत होतं आणि मालवाहू विमानाला खाली ये. रशियन वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. दोघंही खाली आले. 71 मृत्यू, त्यात 45 शाळकरी मुलं.

चूक कुणाची? जर्मन तपास यंत्रणेने कंट्रोलरचं आणि वैमानिकांचं काय चुकलं ते लिहिलंच. पण त्याबरोबर एक गोष्ट स्पष्ट मांडली: टीकॅसबद्दलचे आयकाओचे नियम, आणि त्यावर आधारलेली देशांची, कंपन्यांची मॅन्युअल्स, एकसारखी नव्हती, अपुरी होती आणि काही ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध होती. रशियन विमानाच्या मॅन्युअलमध्ये टीकॅस हे पूरक साधन होतं, मुख्य भर कंट्रोलरच्या सूचना पाळण्यावर. म्हणजे बग फक्त कॉकपिटमध्ये नव्हता, डॉक्युमेंटमध्येही होता. आणि जपानच्या प्रसंगाला तोवर 17 महिने झाले होते!

नोव्हेंबर 2003 मध्ये वाक्य बदललं. आता नियम असा: कंट्रोलरची सूचना उलट असली तरी टीकॅसचंच ऐकायचं. वैमानिकाने 'टीकॅस आरए' एवढं कळवायचं, आणि तो 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' म्हणेपर्यंत कंट्रोलरने त्या विमानाचा मार्ग बदलायला जायचं नाही. कुणाचं ऐकायचं, याला आता एकच उत्तर.

मग नियम पटापट का बदलत नाहीत? कारण ॲनेक्समधला बदल आधी तज्ज्ञांच्या गटात तयार होतो, मग सगळ्या देशांकडे अभिप्रायाला जातो, मग आयकाओच्या 36 देशांच्या कौन्सिलमध्ये दोन तृतीयांश मतांनी मंजूर होतो. त्यात साधारण दोन वर्षं सहज जातात. शिवाय एखाद्या देशाला स्टँडर्ड पाळणं जमत नसेल, तर कराराच्या कलम 38 नुसार त्याने तसं कळवायचं असतं. चालढकल चालेल, लपवाछपवी नाही, असा हा मामला!

आपल्याकडे हे नियम डीजीसीए देशात लागू करते, आणि कंट्रोलर असतात एअरपोर्ट्स अथॉरिटीचे. भारत कुठल्या बाबतीत आयकाओपेक्षा वेगळं वागतो, त्याची यादी एआयपी नावाच्या दस्तऐवजात जीईएन 1.7 या भागात असते. ती ऑनलाइन फुकट वाचता येते. जरूर उघडून बघा.

आणि उद्या ऑफिसात कुणी म्हणालं, 'डॉक्युमेंटेशन नंतर करू', तर त्याला हा एपिसोड पाठवा. दोन डॉक्युमेंट्स दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर ऐन वेळी माणूस त्यातलं कुठलंही एक निवडणार. ती निवड त्याच्यावर येऊ न देणं, हे लिहिणाऱ्याचं काम.

प्रश्न असतील तर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!