मेम्ब्रेनची रासायनिक धुलाई : निदान, क्रम आणि मर्यादा

पाणी पलीकडे सोडायचे आणि पाण्यातले नकोसे अलीकडे अडवायचे, हे मेम्ब्रेनचे काम. अडवलेल्यातला काही भाग तिच्याच अंगावर साचतो, म्हणून कोणतीही मेम्ब्रेन आज ना उद्या चोक होते आणि रासायनिक धुलाई हा संयंत्राच्या नित्य कारभाराचा भाग ठरतो. या धुलाईचे यश तीन निर्णयांवर अवलंबून असते : ती कधी करायची, मळ कशाचा आहे आणि कोणते रसायन आधी वापरायचे. हे निर्णय चुकले तर रसायन कितीही तीव्र असले तरी उपयोग होत नाही. उलट मेम्ब्रेनचे आयुष्य घटते.

धुलाईला किती वाव आहे हे मेम्ब्रेन ज्या द्रव्याची बनली आहे त्यावरून ठरते. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटची असममित मेम्ब्रेन तयार केली आणि रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे आरओ, व्यवहारात येण्याजोगा झाला. ही मेम्ब्रेन थोडा क्लोरीन सोसत असे; पण तीव्र आम्लात किंवा अल्कलीत तिचे विघटन होई, त्यामुळे जोरकस धुलाई शक्यच नव्हती. १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडच्या पातळ थराची संयुक्त मेम्ब्रेन विकसित केली. तिचा क्रियाशील थर मायक्रॉनच्या काही दशांश इतकाच जाड असतो. त्याच्याखाली सच्छिद्र पॉलिसल्फोन आणि पॉलिएस्टरचे कापड असते. ही मेम्ब्रेन सामू १ ते १२ पर्यंतची धुलाई सोसते. मुक्त क्लोरीन मात्र तिला मारक असतो. म्हणून आरओच्या आधी सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा सक्रिय कार्बन वापरून क्लोरीन काढून टाकावा लागतो. क्लोरीन गेला की व्हेसलमध्ये, म्हणजे मेम्ब्रेन बसवलेल्या दाबनळीत, जिवाणूंना रान मोकळे होते. आजच्या आरओतील जैविक मळाच्या समस्येचे मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे.

मळाचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात : कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम सल्फेट, बेरियम सल्फेट व सिलिका यांचे कठीण थर; लोह, मँगनीज, ॲल्युमिनियम यांची हायड्रॉक्साइडे आणि गाळाचे सूक्ष्म कण; ह्युमिक पदार्थ, तेल यांसारखे सेंद्रिय द्रव्य; आणि जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला बुळबुळीत जैवथर. मळ कुठे साचला यावरूनही त्याची ओळख पटते. गाळ आणि जैवथर बहुधा पहिल्या टप्प्यात, पाणी आत शिरते त्या बाजूला आढळतात. क्षारांचा थर शेवटच्या टप्प्यात बसतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत पाणी सर्वांत खारट झालेले असते. पाण्याच्या स्रोतानुसारही चित्र बदलते. चेन्नईजवळच्या मिंजूर आणि नेम्मेली येथे प्रत्येकी दररोज १० कोटी लिटर क्षमतेची समुद्रजल संयंत्रे उभारली गेली. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या अशा संयंत्रांत जैविक आणि सेंद्रिय मळाची चिंता अधिक असते. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यासारख्या ठिकाणी भूजलावर आरओ चालवताना क्षारांच्या थराकडे आधी लक्ष द्यावे लागते.

धुलाईची वेळ तीन आकड्यांवरून ठरते. शुद्ध पाण्याचा प्रवाह सुमारे १० टक्के घटला, क्षारांची गळती ५ ते १० टक्के वाढली किंवा व्हेसलच्या दोन टोकांमधला दाबातला फरक १० ते १५ टक्के वाढला, की धुलाई हाती घ्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र हे आकडे तापमान, दाब आणि क्षारता यांच्या समान पायावर आणल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही. पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरले की प्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे पाणी ३० अंशांवरून २० अंशांवर आले तर कणभर मळ नसतानाही प्रवाह पाव भागाने कमी दिसेल. हा हिशेब न करता केलेली हिवाळ्यातली धुलाई निष्कारण ठरते. धुलाई लांबवणे त्याहून महाग पडते : साचलेला थर दबून घट्ट होतो, पाणी उरलेल्या वाटांनी जाऊ लागते आणि रसायन थरापर्यंत पोहोचतच नाही.

मळाची पक्की ओळख पटली नसेल तर आधी अल्कली, नंतर आम्ल, हा क्रम पाळावा. त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. ह्युमिक द्रव्ये आम्लात अविद्राव्य होतात, जैवथर आवळला जातो आणि सिलिकाही अधिक घट्ट बसू शकते. पहिल्याच पायरीला आम्ल घातले तर सुटण्याजोगा मळ पक्का होण्याचा धोका असतो. थर केवळ कॅल्शियम कार्बोनेटचा किंवा लोहाचा असल्याची खात्री असेल, तरच सुरुवात आम्लाने करावी. अल्कलीच्या धुलाईसाठी सुमारे ०.१ टक्का कॉस्टिक सोडा, जोडीला ईडीटीए किंवा सोडियम डोडेसिल सल्फेट, सामू १२ आणि तापमान ३० अंशांपर्यंत, हे प्रचलित प्रमाण आहे. ईडीटीए कॅल्शियमला पकडून जैवथराची वीण सैल करते. सल्फेटच्या थरावरही मुख्य भिस्त तिच्यावरच असते. कार्बोनेटसाठी ०.२ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सुमारे २ टक्के सायट्रिक आम्ल चालते. लोहासाठी १ टक्का सोडियम हायड्रोसल्फाइट गुणकारी ठरते.

द्रावण आरओच्याच शुद्ध पाण्यात करावे. कठीण पाण्यात कॉस्टिक मिसळले तर सामू वाढताच कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड यांचा साका बसतो आणि धुलाईच मळाचे कारण होते. द्रावण मोठ्या प्रवाहाने पण कमी दाबाने फिरवावे. ८ इंच व्यासाच्या व्हेसलला ताशी ६ ते ९ घनमीटर प्रवाह पुरतो. दाब वाढवला तर पाणी मेम्ब्रेनमधून पार जाऊ लागते आणि सुटलेला मळ पुन्हा पृष्ठभागावर दाबला जातो. गुंडाळलेल्या सतरंजीसारखी रचना असलेल्या या मेम्ब्रेनमध्ये द्रावण नेहमीच्याच दिशेने सोडावे आणि प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे धुवावा. नाहीतर पहिल्यातला मळ दुसऱ्यात जातो. सुरुवातीला बाहेर येणारे गढूळ द्रावण टाकून द्यावे. त्यानंतर आलटून पालटून फिरवणे आणि भिजत ठेवणे चालू ठेवावे. जुना थर असेल तर रात्रभरही भिजवावे लागते. मळ विरघळताना आम्ल खर्ची पडते आणि सामू वर सरकतो. तो स्थिर राहू लागला म्हणजे विरघळण्याजोगे बरेचसे संपले.

ही झाली आरओची रीत; अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनची रीत वेगळी आहे. तिथल्या पीव्हीडीएफच्या पोकळ तंतूंना क्लोरीन सोसतो, म्हणून उलट्या प्रवाहाच्या नित्य धुलाईखेरीज हायपोक्लोराइटचे द्रावण वापरता येते; तीव्र कॉस्टिक मात्र या द्रव्याला दीर्घकाळ मानवत नाही. हायपोक्लोराइट आणि आम्ल यांच्या पायऱ्यांमध्ये भरपूर पाण्याने फ्लश करणे अनिवार्य आहे, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

वापरलेल्या द्रावणाची जबाबदारीही धुलाई करणाऱ्याचीच असते. भारतातल्या सर्वसाधारण विसर्ग मानकांनुसार सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत असावा लागतो. पण केवळ सामू जुळवून काम संपत नाही : ईडीटीए सहज कुजत नाही आणि पकडलेले धातू विद्राव्य रूपात पुढे नेते.

धुलाईचा निकाल लगेच लावू नये. अल्कलीनंतर पॉलिअमाइड काही काळ सैल राहते, त्यामुळे प्रवाह आणि क्षारगळती दोन्ही वाढलेली दिसतात. एक-दोन दिवसांनी समान पायावर आणलेले आकडे खरे मानावेत. प्रवाह परतला नाही, तर रसायनाची मात्रा वाढवण्याआधी एक मेम्ब्रेन कापून तिच्यावरच्या थराचे पृथक्करण करून घ्यावे. तीन महिन्यांहून अधिक अंतराने धुलाई लागत असेल, तर संयंत्र ठीक चालले आहे. एक ते तीन महिन्यांत लागत असेल, तर अँटिस्केलंटची, म्हणजे क्षारांचा थर रोखणाऱ्या रसायनाची, मात्रा आणि शुद्ध पाणी काढून घेण्याचे प्रमाण तपासावे. महिन्याच्या आत पुन्हा पुन्हा लागत असेल, तर दोष पूर्वप्रक्रियेत आहे आणि रसायनांवरचा खर्च गाळणी, लोहनिवारण व जिवाणूनियंत्रण यांकडे वळवावा.